टाकी मोठी केली तर हवा पुरेल का? की कंप्रेसरच बदलू?

ब्लास्टवाला:
नमस्कार मंडळी. छोटं फॅब्रिकेशनचं काम आहे, त्यात एक ब्लास्टिंग कॅबिनेट आहे, म्हणजे हवेच्या जोरानं बारीक खर मारून साफ करायची बंद पेटी, बारके ब्रॅकेट आणि प्लेटा त्यात साफ होतात आणि मग पेंटला जातात. कंप्रेसर ५ एचपी, टू स्टेज, बेल्टवाला, प्लेटवर ५०० एलपीएम (मिनिटाला ५०० लिटर हवा) लिहिलंय, खाली २२० लिटरची टाकी. कट-आऊट ८ बार, तिथं मोटर बंद होते, कट-इन ६, तिथं परत चालू. कॅबिनेटचा रेग्युलेटर साडेपाचवर ठेवतो.

आता झालंय असं की आधी अर्धा मिनिट तरी दणकून चालायचं, हल्ली १५-१७ सेकंदांतच काटा ८ वरून ६ वर येतो, मोटर चालू होते पण काटा काही थांबत नाही, ४ पर्यंत जातो आणि नॉझलमधून नुसतं फुस्स. मग हात बांधून उभं राहायचं. एक पीस साधारण ४० सेकंदांचा असतो, नंतर तो काढा, पुसा, दुसरा लावा यात दोनेक मिनिटं जातात. एक ओळखीचा म्हणतो सरळ दहा एचपी घे, दुसरा म्हणतो जोडीला अजून एक टाकी लाव, त्यावर पहिला म्हणतो टाकी काय हवा तयार करते का, मोठी टाकी म्हणजे भरायलाच जास्त वेळ. दोघांचंही ऐकताना पटतं हाच घोळ आहे. शिवाय पेंटच्या गनमधून मधूनच पाण्याचे थेंब उडतात, ते वेगळंच दुखणं. कोणी नीट समजावून सांगेल का?

नटबोल्ट:
दहा एचपी घ्या आणि मोकळे व्हा. टाकी म्हणजे मलमपट्टी.

मेन्टेनन्सकाका:
नटबोल्ट, अरे मोजमाप न करता औषध देतोस होय. थांब जरा.

ब्लास्टवाला, टाकी हवा बनवत नाही हे शंभर टक्के खरं, पण ती काय करते ते कळलं की तुमचा निम्मा प्रश्न सुटतो. कंप्रेसर दिवसभर एकाच संथ चालीनं हवा देतो आणि तुमचं कॅबिनेट ४० सेकंद आधाशासारखं ओढतं आणि मग दोन मिनिटं गप्प बसतं. त्या दोन मिनिटांत बनलेली हवा ४० सेकंदांसाठी राखून ठेवणं, एवढंच टाकीचं काम. म्हणजे प्रश्न असा विचारायचा की एक पीस प्लस एक गॅप एवढ्या सगळ्या वेळात कंप्रेसर जेवढी हवा बनवतो त्यापेक्षा एका पीसला कमी लागते का? कमी लागत असेल तर टाकीनं काम होणार, जास्त लागत असेल तर घराएवढी टाकी लावलीत तरी ती दुपारपर्यंत रिकामी होणार.

दुसरी गोष्ट, इथं सगळे फसतात. पाण्याची टाकी २२० लिटरची असेल तर २२० लिटर पाणी वापरता येतं, हवेच्या टाकीचं तसं नसतं. ८ बारला तुमच्या टाकीत मोकळी, म्हणजे बाहेरच्या साध्या दाबाची हवा धरली तर जवळपास दोन हजार लिटर कोंबलेली आहे, पण तुम्हाला ६ च्या खालची काही कामाची नाही ना, मग वापरायची हवा किती, तर टाकीचे लिटर गुणिले काटा किती बार उतरू देणार. २२० गुणिले २, म्हणजे ४४० लिटर. बस्स. बाकीची दीड हजार लिटर हवा फक्त टाकीत बसून दाब धरून ठेवते. म्हणून कोणी नुसतं पाचशे लिटरची टाकी म्हटलं की मी विचारतो, किती बारमध्ये?

आता पुढचं सांगायला मला चार आकडे पाहिजेत.
आधी टाकीचं पाणी पूर्ण काढा, मग कॅबिनेट बंद ठेवून काटा ६ वरून ८ वर जायला किती सेकंद लागतात ते मोबाईलवर लावून बघा.
नॉझलच्या भोकात ड्रिल बिटचा मागचा गुळगुळीत दांडा घालून बघा, कितीचा आत जातो.
ब्लास्टिंग चालू असताना टाकीवरचा काटा आणि कॅबिनेटजवळचा काटा यांत फरक किती ते दोघांनी एकदम बघा.
आणि सगळं बंद ठेवून ८ वरून ६ ला आपोआप यायला किती वेळ लागतो, म्हणजे लीकेज कळेल.
प्लेटवरच्या ५०० वर जाऊ नका. पिस्टन कंप्रेसरच्या प्लेटवर बऱ्याचदा डिस्प्लेसमेंट लिहिलेलं असतं, म्हणजे सिलेंडरचं गणित, प्रत्यक्ष हातात येणारी हवा त्याच्या ७०-७५ टक्के धरा.

ब्लास्टवाला:
काका, मोजलं सगळं. आणि जरा लाज वाटतेय सांगायला.

ड्रेन कॉक उघडला तर आधी बराच वेळ नुसतं पाणीच, तांबूस गढूळ, वर तेलाची साय. दीड बादली भरली हो, म्हणजे २५ लिटर तरी असेल. शेवटचं कधी काढलं होतं कुणालाच आठवत नाही, मी म्हणायचो पोरगा काढतो, पोरगा समजायचा मी काढतो.

६ ते ८ ला ७३ सेकंद. टाकीवर ७ दाखवत होतं तेव्हा कॅबिनेटजवळ ६ च्या जरा खाली. दोघांमध्ये अर्धा इंची लाइन आहे, १५ मीटर असेल. सगळं बंद ठेवून ८ वरून ६ यायला २० मिनिटं. आणि नॉझल, मी ४ एमएमचं म्हणून घेतलं होतं सिरॅमिकचं, त्यात ५ चा दांडा आरामात गेला 😐

मेन्टेनन्सकाका:
हां, आता बोला. एकेक घेऊ.

२५ लिटर पाणी म्हणजे तुमची टाकी २२० ची नव्हतीच, १९५ ची होती, हा पहिला चोर. पण तो भुरटा.

७३ सेकंदांत २ बार, २२० लिटरमध्ये. ४४० लिटरला ७३ सेकंद, म्हणजे मिनिटाला ३६० लिटर. हा तुमचा खरा कंप्रेसर. ५०० विसरा. लीकेज २० मिनिटांत ४४० लिटर म्हणजे मिनिटाला २२, सहा टक्के, पिस्टन मशीनच्या छोट्या सेटअपला ठीक आहे, मी यापेक्षा फार वाईट बघितलेत, कित्येक ठिकाणी पाव हिस्सा हवा नुसती गळत असते आणि मालक नवीन मशीनचं कोटेशन मागवत असतो.

आता मोठा चोर. साडेपाच बारला ४ एमएमचं भोक मिनिटाला साधारण ९०० लिटर हवा खातं. ५ एमएमचं १४०० च्या वर. भोक झिजून एका एमएमनं वाढलं पण क्षेत्रफळ दीडपटीपेक्षा जास्त झालं. तुमचा अर्धा मिनिट १५ सेकंदांवर कसा आला ते यातच आहे, ४४० लिटर भागिले ९०० म्हणजे २९ सेकंद, १४०० नं भागा, १८-१९ सेकंद, त्यातून पाण्यानं खाल्लेली जागा वजा करा. आणि एक लक्षात घ्या, ८ वरून ६ वर येईपर्यंत तुमची मोटर बंदच असते, म्हणजे त्या पहिल्या सेकंदांत सगळी हवा एकट्या टाकीची.

आता खरा हिशोब. ४० सेकंद पीस आणि दोन मिनिटं गॅप, एकूण १६० सेकंद. त्यात कंप्रेसर बनवतो ९६० लिटर.
४ एमएम नॉझलला एका पीसला लागतात ६०० च्या आसपास. जमतंय, भरपूर जमतंय.
५ एमएमला लागतात साडेनऊशे. म्हणजे कंप्रेसर क्षणभरही न थांबता दिवसभर चालला तर कसंबसं. पिस्टन मशीनला असं राबवलं तर व्हॉल्व्ह प्लेट जळणार.

तर मशीन बदलायची गरज नाही. आधी नॉझल बदला, सिरॅमिक सगळ्यात लवकर झिजतं, टंगस्टन कार्बाइड किंवा बोरॉन कार्बाइडचं घ्या. मग टाकी. ६०० लिटर २ बारमध्ये पाहिजेत म्हणजे ३०० लिटर साठा, तुमच्याकडे २२० आहे, पण काठोकाठ कशाला ठेवायचं, अजून ३०० लिटरची लावा.

नटबोल्ट:
काका, मान्य. पण उद्या याचं काम वाढलं आणि गॅप एक मिनिटावर आला तर?

मेन्टेनन्सकाका:
तर १०० सेकंदांत कंप्रेसर बनवणार ६०० आणि पीसला लागणार ६००. तेव्हा तू बरोबर ठरशील आणि मी स्वतः म्हणेन मोठं मशीन घ्या. टाकी उधार देते, पण उधारी फेडायला मधे वेळ लागतो.

युटिलिटीताई:
उशिरा आले, पण दोन काट्यांच्या फरकाबद्दल कोणी बोललं नाहीये म्हणून लिहिते. कोणी हवा कमी पडते म्हणालं की मी पहिल्यांदा हेच बघते. दोन्ही काटे एकत्र खाली येत असतील तर हवा किंवा साठा कमी आहे. टाकीचा काटा निवांत उभा आणि मशीनजवळचा कोसळतोय, तर टाकी कितीही वाढवा, दोष लाइनमध्ये, फिल्टरमध्ये नाहीतर कपलिंगमध्ये आहे. तुमच्याकडे दोन्ही आहे, एक बारच्या वर फरक म्हणजे अर्धा इंची लाइन १४०० लिटरला गुदमरते. नॉझल बदललं की प्रवाह कमी होऊन हाच फरक अर्ध्या बारवर येईल. पाइपचा आतला व्यास जरा कमी झाला की दाबातली घट पाचव्या घातानं वाढते, म्हणून ते निळे गुंडाळीचे ८ एमएमचे पाइप ब्लास्टिंगला लावू नका कोणी, कंप्रेसरला शिव्या बसतात उगाच.

यावरून माझं मत असं की नवीन टाकी कंप्रेसरशेजारी नको, कॅबिनेटशेजारी लावा. मग ४० सेकंदांचा मोठा प्रवाह टाकी ते कॅबिनेट अशा दोन मीटर जाड पाइपातून जाईल आणि त्या १५ मीटरच्या लाइनमधून फक्त भरतीची हवा सावकाश येत राहील. आणि पेंटची गन त्याच लाइनवर असेल तर या टाकीच्या आधी एक नॉन रिटर्न व्हॉल्व्ह टाका, नाहीतर गनवाल्यानं ट्रिगर दाबला की तुमच्या टाकीतली हवा उलटी तिकडे जाईल.

पाणी का येतं तेही सांगते. ३० डिग्रीची, ७० टक्के दमट हवा घेतली तर एका घनमीटरमध्ये साधारण २१ ग्रॅम पाण्याची वाफ असते. ती ७ बारला दाबून ३५ डिग्रीपर्यंत थंड केली की तिला जेमतेम ५ ग्रॅमच धरता येतात, बाकीचे १६ ग्रॅम पाणी होऊन कुठेतरी पडणारच. तुमचे ३६० एलपीएम म्हणजे तासाला २१ घनमीटर, म्हणजे मशीन सतत चाललं तर तासाला तिसरा हिस्सा लिटर, आठ तासांत अडीच लिटरच्या वर. हे पाणी टाकीत पडलं तर बरं, नाही पडलं तर पुढे लाइनमध्ये आणि गनमध्ये. गरम हवा टाकीत मंदावते, भिंतींना लागून थंड होते, पाणी तळाला बसतं, हे टाकीचं दुसरं मोठं काम आहे आणि लोकांना ते माहीतच नसतं. म्हणून हवा आत खालच्या बाजूनं आणि बाहेर वरून घ्यायची. आत-बाहेर दोन्ही वरच शेजारी शेजारी जोडले तर हवा वरच्या वर निघून जाते, पाणी घेऊन.

स्क्रूमशीन:
ताई, टाकी ड्रायरच्या (हवेतलं पाणी काढणारं यंत्र) आधी की नंतर हे पण सांगा, आमच्याकडे यावरून दरवेळी वाद होतो. आमचं १०० सीएफएमचं (मिनिटाला १०० घनफूट हवा) स्क्रू कंप्रेसर आहे, लोड-अनलोडवालं, म्हणजे दाब भरला की मोटर फिरतच राहते पण हवा देणं थांबतं, टाकी ५०० लिटरची एकच, ड्रायरच्या आधी. दर वीस सेकंदांनी लोड, अनलोड, लोड, अनलोड.

युटिलिटीताई:
दोन्हीकडे. आधीची टाकी हवा थंड करते, पाणी पाडते, ड्रायरचं ओझं हलकं करते. पण सगळा साठा आधीच ठेवला तर एखादं मोठं मशीन दणकन ओढतं तेव्हा तो सगळा लोंढा ड्रायरमधून जातो, ड्रायर त्याच्या क्षमतेबाहेर आणि पाणी पुढे. ड्रायरच्या नंतर टाकी असली की लोंढ्याला कोरडी हवा तयार मिळते. बरेच जण एक तृतीयांश आधी आणि दोन तृतीयांश नंतर ठेवतात, मीही तसंच करते.

तुमचं वीस सेकंदांचं लोड-अनलोड मात्र विजेवर पडतंय. तेलवालं स्क्रू अनलोड झालं तरी मोटर फुल लोडच्या २५-३० टक्के वीज खातच असते, आणि त्या पातळीला यायलाही आतल्या, तेल वेगळं करणाऱ्या सेपरेटर टाकीचा दाब हळूहळू सोडावा लागतो, त्याला अर्धा मिनिट तरी जातो. तुमचं मशीन तिथं पोचायच्या आतच परत लोड होतं, म्हणजे अनलोडचा फायदा कधी मिळतच नाही. जुना ठोकताळा होता दर सीएफएमला ४ लिटर टाकी, तुमचे ५०० लिटर त्याच्याच जवळपासचे दिसतात. लोड-अनलोड स्क्रूला आता १५ ते २० लिटर धरतात. म्हणजे १५०० ते २०००. आणि साठा वाढला, दाब स्थिर झाला की सेटिंग थोडं खाली आणता येतं, एक बार खाली आणला तर ६-७ टक्के वीज वाचते.

ब्लास्टवाला:
भारीच. काका, ताई, वहीत लिहून घेतलं सगळं. एक विचारायचं होतं, ओळखीच्या माणसाकडे एक जुनी टाकी पडून आहे, ३०० लिटरची असावी, जाडजूड दिसते, प्लेट वगैरे नाही. सॉकेट एकच आहे पण वेल्डिंग आपल्याच हातचं, दुसरं लावतो मी. चालेल ना?

मेन्टेनन्सकाका:
नाही.

बाकी सगळ्यात तुम्ही तुमचं डोकं चालवा, यात नको. ३०० लिटर ८ बारची टाकी फाटली तर त्यातून सुटणारी ऊर्जा ३०० किलोज्यूलच्या वर असते, म्हणजे एक टन वजनाची गाडी ताशी ९० च्या वेगानं येऊन धडकावी तेवढी. आणि ती तुमच्यापासून चार हात लांब उभी असणार. टाकी बाहेरून जाडजूड दिसते, पण खातं ते आतून, तळाला, जिथं पाणी साठतं तिथं. तो पत्रा किती उरलाय ते अल्ट्रासॉनिक गेजनंच कळतं. जुन्या टाकीवर हातानं सॉकेट वेल्ड करणं म्हणजे तर आमंत्रणच. प्लेट असलेली, टेस्ट सर्टिफिकेट असलेली टाकी घ्या. टेस्ट पाण्यानं करतात, कोडप्रमाणे डिझाइन दाबाच्या १.३ ते १.५ पटीला, कारण पाणी दबत नाही, टाकी फुटलीच तर नुसती गळते, उडत नाही. हवेनं टेस्ट करून देतो म्हणणाऱ्याच्या आसपास थांबू नका.

दुसऱ्या टाकीला स्वतःचा सेफ्टी व्हॉल्व्ह, स्वतःचा काटा, स्वतःचा ड्रेन. सेफ्टी व्हॉल्व्ह आणि टाकीच्या मधे कुठलाही कॉक नाही, कधीच नाही. एका ठिकाणी सेफ्टी फुसफुसतो म्हणून कुणीतरी मधे बॉल व्हॉल्व्ह टाकून बंद करून ठेवलेला मी स्वतः बघितलाय. प्रेशर स्विच चिकटला असता तर तिथं सांगायला कोणी राहिलं नसतं. आणि लाइन पीव्हीसीची करू नका, पाण्याला चालते पण हवेला फुटली की तिचे तुकडे सुऱ्यांसारखे उडतात.

युटिलिटीताई:
अजून एक, ब्लास्टिंगला साधी वाळू वापरत नाही ना? सिलिकोसिस होतो, फुप्फुस परत येत नाही.

ब्लास्टवाला:
नाही ताई, गार्नेट वापरतो. आणि काका, ती टाकी रद्द. टेस्टवालीच घेतो.

ब्लास्टवाला:
तीन आठवड्यांनी अपडेट. नवीन ३०० लिटरची टाकी कॅबिनेटच्या बाजूला बसवली, एक इंची जोडणी, नॉन रिटर्न, सेफ्टी, सगळं. टंगस्टन कार्बाइडचं ४ एमएम नॉझल. पहिला पीस मारला, ४० सेकंद, आणि मोटर चालूच झाली नाही. मी घाबरलो, म्हटलं ट्रिप झाली, धावत जाऊन बघतो तर काटा पावणेसातवर निवांत. कट-इनला आलाच नव्हता! दुसऱ्या पीसला मधेच मोटर आली, काटा ५.८ पर्यंत गेला तेव्हा शेवटच्या काही सेकंदांत जोर जरा कमी वाटला. तिसऱ्यापासून ठीक.

मेन्टेनन्सकाका:
बरोबर आहे, ५२० लिटरमधून ६०० काढले की सव्वा बारच्या आतबाहेर उतरणार, ६.८ ला येणारच. दुसऱ्या पीसचा त्रास यामुळे की पहिल्यानंतरची दोन मिनिटं मोटर झोपलेलीच होती, तिला कोणी उठवलंच नाही. प्रेशर स्विचचा कट-इन ६ वरून ७ करा, कट-आऊट ८ तसाच राहू दे. मग पहिला पीस संपतानाच मोटर उठेल आणि गॅपमध्ये भरून ठेवेल. लहान टाकीवर असं जवळ जवळ ठेवलं असतं तर मोटर सारखी चालू-बंद झाली असती, आता ५२० लिटर आहेत, चालतंय. तरी तासाला किती वेळा स्टार्ट होते ते मोजा, दहाच्या वर गेली तर थोडा खाली घ्या.

ब्लास्टवाला:
केलं ७. आता सलग वीस पीस काढले आज. तासाला १०-१२ वेळा स्टार्ट होत होती म्हणून पावणेसातवर आणलाय, उद्या परत मोजतो.

नटबोल्ट:
आणि ड्रेन?

ब्लास्टवाला:
दोन्ही टाक्यांवर खडूनं लिहिलंय, सकाळी पोरगा, संध्याकाळी मी. काल नवीन टाकीतून जेमतेम पेलाभर निघालं, जुनीतून दोन लिटर. गनमधून थेंब यायचे बंद झाले. ते तेलकट पाणी वेगळ्या डब्यात साठवतोय, गटारात सोडत नाही, त्याचं पुढे काय करायचं ते सांगा कोणीतरी.

युटिलिटीताई:
डबा भरू द्या, दोन-चार दिवस स्थिर ठेवा, मोकळं तेल वर येईल, ते वापरलेल्या तेलाच्या बॅरलमध्ये. खाली जे पांढरट राहतं ते स्थिर ठेवून सुटत नाही, त्याला ऑइल-वॉटर सेपरेटर लागतो. तुमच्याएवढ्या पाण्याला छोट्यातला छोटा पुरेल.